हात मागे

४ जून

ठमे,

काल तुझ्या नवऱ्याचा फोन आला. आधी दहा मिनिटं हवापाणी, माझं ब्लडप्रेशर, माझ्या कुंड्या. शेवटी मीच म्हटलं, "जावईबापू, मुद्द्यावर या, दूध गॅसवर आहे." तेव्हा कळलं की तू आठवडाभर मनोरुग्णालयात आहेस आणि सहा आठवड्यांचं मूलही तुझ्याबरोबर आत आहे.

"आत" हा शब्द माझा. तो बिचारा "ॲडमिट" म्हणाला.

मी छत्तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढली, त्यातली एकोणीस इनचार्ज सिस्टर म्हणून. रडणाऱ्या बाळंतिणी मला नवीन नाहीत. तिसऱ्या दिवशी रडू येतं, दहाव्या दिवशी जातं. ज्यांचं जात नसे त्यांना मी उठवून स्वतःची चादर स्वतः घालायला लावायचे. कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी आम्हाला हेच शिकवलं होतं. आधी चादरीचे चारही कोपरे ताठ, मग मनाचं बघू. आम्हाला मन आहे हे तिथे कुणी मान्यच केलं नव्हतं, त्यामुळे दुसरी पायरी कधी आली नाही.

आजकाल मात्र शिंक आली तरी तिला नाव असतं, आणि नाव असलं की वॉर्ड असतो. तू पुलांवर दोर बांधून उतरणारी, भेगा मोजणारी बाई. तुला एका गाठोड्याने आडवं केलं?

मी काय म्हणते ते ऐक. मूल माझ्याकडे पाठव. पाळणा माळ्यावर आहे, पुसून घेते. तू दोन महिने नीट जेव, झोप, मग ये आणि घेऊन जा. तुलाही मी अकराव्या दिवसापासून आठ महिने सांभाळलं होतं, तुझ्या आईला जमत नव्हतं तेव्हा. काही बिघडलं का तुझं?

उत्तर फोनवर देऊ नकोस. फोनवर तू नुसतं "हं" म्हणतेस आणि मी दिवसभर त्या "हं"चा अर्थ लावत बसते. कागदावर लिही. तुझं अक्षर दिसलं की मला पुरे.

मावशी

ता. क. नखं काप. बाळाची आणि स्वतःची.

&nbsp;

१२ जून

मावशी,

नखं कापली. बाळाची सिस्टरने कापली.

इथे फोन कपाटात ठेवतात आणि संध्याकाळी अर्धा तास देतात. तो ह्याच्याशी बोलण्यात जातो. त्यामुळे पत्रच बरं. डॉक्टरबाईही म्हणाल्या, लिहिता येत असेल तर लिहा.

तू म्हणतेस तसं हे रडणं नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. बाळ श्वास घेतंय का हे मी बघायचे, परत बघायचे. पुलावर असताना भेगेची लांबी वहीत लिहितो, तसे मी तिचे श्वास लिहायला लागले होते. मग खिडकी. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. खिडकी बंद आहे ना, हे मी एका दिवसात चाळीस वेळा पाहिलं. आणि एका गुरुवारी लक्षात आलं, ती बंद असून उपयोग नाही, कारण ती उघडू शकणारी घरात मी आहे.

मी बाळ पाळण्यात ठेवलं. शेजारच्या काकूंची बेल वाजवली, किल्ली त्यांच्या हातात दिली, म्हटलं, "तिच्याकडे बघा." आणि खाली जाऊन बसस्टॉपवर बसले. सात बस सोडल्या. आठवीतून हा उतरला.

इथे आयांचा वेगळा वॉर्ड आहे. पाच खोल्या. प्रत्येक खोलीत आईचा पलंग, बाळाचा पाळणा आणि सोबतीच्या बाईची अरुंद खाट. खिडकी चार बोटंच उघडते. मी ते बोटं घालून तपासलं, आणि मग मावशी, महिनाभरात पहिल्यांदा झोपले.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "विचार येतो म्हणजे हातून घडतं असं नाही. तुम्ही किल्ली दिलीत, ते बाळाला जपणंच होतं. पण हा आजार आहे, आणि नुसतं जेवून झोपून तो जाईलच असं नाही." गोळी चालू केली आहे. दूध पाजताना चालते, किती उतरतं दुधात तेही त्यांनी कागदावर काढून दाखवलं. दोन-तीन आठवडे लागतील म्हणाल्या. दर सोमवारी दहा प्रश्नांचा कागद भरायचा. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे, तिथे मी अजून पेन थांबवते. सिस्टर शेजारी बसून राहते.

आणि एक नियम आहे, तो तुला आवडणार नाही. बाळ रडलं की सोबतीच्या बाईने उचलायचं नाही. हात मागे बांधायचे आणि थांबायचं. आईला उठायला वेळ द्यायचा. नाहीच उठली तर सिस्टर येते, पण तीही बाळ आईच्याच मांडीवर देते. सासूबाईंना हे फार जड जातं. काल सिस्टर दारातून म्हणाली, "आजी, हात." सासूबाई म्हणाल्या, "अगं, खाजवत होते."

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन पंचवीस तारखेला ठरलंय, ते आता पुढे ढकलता येत नाही. पुरुषांना या वॉर्डात मुक्काम नाही. सोबत नसेल तर बाळाला इथे ठेवत नाहीत. तू येशील का? महिना-दीड महिना.

दुसरं. डॉक्टरबाईंनी विचारलं, तुमच्या आईला तुमच्या जन्मानंतर असं काही झालं होतं का? झालं असेल तर कोणत्या औषधाने बरं वाटलं, हे कळलं तर त्यांना उपयोग आहे म्हणे. आई असती तर तिला विचारलं असतं. सांगितलं असतं की नाही कोण जाणे, माझ्याशी ती कामापुरतंच बोलायची. पण तू तिथेच होतीस. मी तुझ्याच वॉर्डात जन्मले ना?

ठमी

&nbsp;

१७ जून

ठमे,

रडणारं मूल आणि हात मागे? माझ्या वॉर्डात कुणी असं केलं असतं तर मी तिची कॅप उतरवून तिला लाँड्रीत पाठवलं असतं. माझे हात प्रसिद्ध होते. मूल तोंड उघडायच्या आत माझ्या खांद्यावर असायचं. मोठे डॉक्टर म्हणायचे, "सिस्टर, तुम्ही विजेच्या आधी पोचता." आणि आता मी सत्तराव्या वर्षी कुणा पोरीच्या सांगण्यावरून कवायतीतल्या मुलीसारखी उभी राहू? तुझ्या सासूबाई साध्या आहेत, त्यांना खपतं.

येणं जमणार नाही. गुडघे. जिना उतरताना दोन्ही वेगवेगळ्या तक्रारी करतात. शिवाय कुंड्यांना पाणी कोण घालणार? खालच्या बाईंना सांगितलं तर त्या एक दिवसाआड घालतात आणि रोज घातलं म्हणून सांगतात.

तुझ्या आईला काही झालं नव्हतं. अशक्तपणा होता. दूध आलं नाही. हवापालटाला गेली होती, परत आली, बस. डॉक्टरबाईंना सांग, माझी मावशी तिथली सिस्टर होती, तिच्याकडून पक्की माहिती आहे. मेलेल्या माणसाचे कागद उकरून काय मिळतं यांना?

मूल माझ्याकडे पाठव, हे मी परत एकदा लिहिते. पाळणा धुऊन वाळवला आहे. तुझ्या नवऱ्याबरोबर पाठव, शनिवारी तो मोकळा असतो.

सहा मऊ दुपटी पार्सलने पाठवते आहे. आधी गरम पाण्यातून काढ.

मावशी

&nbsp;

३ जुलै

मावशी,

दुपटी मिळाली. ती आता घरी आहेत, बाळाबरोबर.

सासूबाई चोवीसला गेल्या. बाळाला हा घेऊन गेला. त्याने रजा घेतली आहे, बाटलीने पाजतो, जमतंय त्याला. मला बायकांच्या मोठ्या वॉर्डात हलवलं. बुधवारी आणि रविवारी तो तिला घेऊन येतो, बागेतल्या बाकावर एक तास. परवा ती माझ्या मांडीवर होती आणि त्याच्याकडे बघत होती.

मध्ये मी दूध काढून देते. कमी होत चाललंय.

मला वाटलं होतं, तिचा आवाज नसला की डोकं शांत होईल. नाही होत. इथे कुणी रडलं की मी उठून बसते, आणि मग ती मोठी बाई असते.

सोमवारचा कागद या वेळी वाईट गेला. गोळीने व्हायला हवं तेवढं होत नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी आईबद्दल परत विचारलं. तू लिहिलंस ते सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर केसपेपरवर लिहून घेतलं. "रुग्णाच्या आईला प्रसूतीनंतर मानसिक त्रास नव्हता. माहिती देणार: मावशी, निवृत्त इनचार्ज सिस्टर, प्रसूती विभाग." सही करायला दिलं, मी केली.

बाळ तुझ्याकडे पाठवणार नाही. घरी आहे ते ठीक आहे.

ठमी

&nbsp;

८ जुलै

ठमे,

हे पत्र तुझ्या हातात पडताच डॉक्टरबाईंकडे जा आणि केसपेपरवरचं ते वाक्य खोडायला सांग. ते खोटं आहे. छत्तीस वर्षांत केसपेपरवर मी एक आकडा चुकीचा लिहिला नाही. ताप बघायचा राहिला तर "बघितला नाही" असं लिहिलं आणि बोलणी खाल्ली. आणि आता माझ्या हुद्द्यासकट एक खोटी नोंद एका आजारी मुलीच्या कागदावर आहे, आणि ती मुलगी तू आहेस.

सोबत तुझ्या आईचं डिस्चार्ज कार्ड पाठवते आहे. माझ्या ट्रंकेत तळाशी होतं. त्यावर गोळ्यांची नावं आहेत आणि तारखा आहेत. तू वाचू नकोस, वाचलंस तर वाच, पण आधी त्यांना दे.

आता बाकीचं.

तू माझ्या वॉर्डात जन्मलीस, पलंग नंबर नऊ. पहिले तीन दिवस ठीक होते. मग तुझ्या आईची झोप गेली. ती पाळण्यात वाकून तुझ्या नाकाखाली बोट धरायची. दिवसातून किती वेळा, ते मी मोजलं नाही. मोजायला हवं होतं, तेच तर माझं काम होतं. आठव्या दिवशी तिने पाळण्याकडे पाठ केली. मी फेरीला गेले तेव्हा म्हणाली, "ताई, हिला माझ्यापासून लांब ठेव."

मी तिच्या कागदावर लिहिलं, "बाळाकडे लक्ष नाही. समज दिली." आणि खरोखर दिली. सगळ्या वॉर्डासमोर. म्हटलं, लाज वाटू दे, बायका मुलासाठी काय काय करतात. ती भिंतीकडे तोंड करून होती.

तीन दिवसांनी तिला तिकडे हलवलं. मनोरुग्णालयात, ठमे. हवापालट हा शब्द मी शोधला आणि सगळ्या नातेवाइकांना वाटला. तुला मी क्वार्टरवर आणलं.

तुझं खिडकीचं वाक्य मी बारा जूनच्या पत्रात वाचलं आणि घडी करून ठेवून दिलं. त्यानंतर दोन दिवस मी पाळणा धुतला. मला कळलं होतं. तू शेजारणीच्या हातात किल्ली दिलीस, तशी ती माझ्या हातात देत होती. नावड नव्हती ती. मला ते चौतीस वर्षांपूर्वी कळलं नाही हे मी एक वेळ माफ करून घेईन. तेव्हा कुणालाच फारसं कळत नव्हतं. पुढचं मात्र तसं नाही.

ती दहा आठवड्यांनी बरी होऊन आली. कार्डावर खाली डॉक्टरांनी लिहिलंय बघ: "बाळ आईजवळ द्यावे." ते कार्ड तिनेच मला आणून दिलं होतं, विश्वासाने. मी म्हटलं, अजून थोडी ताकद येऊ दे. मग म्हटलं, बाळाला सर्दी आहे. मग म्हटलं, दात येतायत, आत्ता जागा बदलायला नको. मी सिस्टर होते. माझ्यापुढे कोण बोलणार? तुझे बाबा तर दुकानदारासमोरही बोलत नसत.

ती दर रविवारी यायची. येताना तुला गुंडाळून न्यायला एक पिवळं दुपटं आणायची. तू रडलीस की ती उठायची, आणि मी आधी पोचायचे. ती हात पुढे करायची तोवर तू माझ्या खांद्यावर. दर वेळी. विजेच्या आधी. काही रविवारांनी तिने हात पुढे करणं सोडलं. खुर्चीवर बसायची, हात मांड्यांखाली दाबून. मला वाटलं, चला, समजूतदार झाली.

बावीस रविवार. शेवटी एका मंगळवारी, मी ड्यूटीवर असताना, ती आली आणि कामवाल्या बाईकडून तुला घेऊन गेली. मी संध्याकाळी धावत तुमच्या घरी गेले. तू तिच्या कडेवर होतीस. मला बघून तू माझ्याकडे झेप घेतलीस आणि रडलीस. तिचा चेहरा मी पाहिला. आणि मला बरं वाटलं. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

मला मूल नव्हतं, हे त्याचं कारण. मोठं कारण नाही, पण दुसरं शोधून सापडलं नाही.

तू नेहमी म्हणायचीस, आई मला जवळ घेत नाही. मी म्हणायचे, स्वभाव असतो एकेकाचा. तो स्वभाव मी घडवला होता.

गुडघे हे कारण नव्हतं. त्या वॉर्डात, त्या नियमाखाली बसायची मला भीती वाटली. माझ्या नाही म्हणण्याने बाळ तुझ्यापासून तुटलं, म्हणजे मी तेच दुसऱ्यांदा केलं. ये म्हटलंस तर येईन. नको म्हटलंस तर तेही बरोबर आहे.

मावशी

&nbsp;

२१ जुलै

मावशी,

कार्ड डॉक्टरबाईंना दिलं. त्यांनी ते वाक्य खोडलं, वर तारीख टाकली, मी परत सही केली. आईला ज्या गोळीने बरं वाटलं ती जुनी आहे, पण आहे अजून. त्यांनी माझ्या गोळीच्या जागी हळूहळू ती चालू केली आहे. दूध सुटणार नाही म्हणाल्या. कालचा कागद थोडा बरा गेला.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तीनही वेळा तुला वेगवेगळ्या शिव्या घातल्या. त्या लिहीत नाही, तुझ्या नन्सना झेपणार नाहीत.

शाळेच्या फाटकापाशी बाकीच्या आया मुलींची तोंडं पुसायच्या. माझी आई रुमाल दोन बोटांत धरून पुढे करायची आणि म्हणायची, "घे." ताप आला की दारात उभी राहून बाबांना हाक मारायची. शेवटच्या आजारात मी तिचा हात धरला तर "त्रास करून घेऊ नकोस" म्हणाली आणि हात हळूच चादरीखाली घेतला. मी घरी येऊन ह्याला म्हटलं, बघ, शेवटपर्यंत मी तिला आवडले नाही.

पुलाला भेग दिसली की भार कुठून येतोय ते शोधायचं, हे माझं काम आहे. चौतीस वर्षं मी तो भार माझ्यातच शोधत होते. मी कशी होते म्हणून तिला नकोशी झाले. आणि बाळ झाल्यावर वाटलं, बघा, मीही तशीच, आमच्यात ते नसतंच. सात बस मी त्याच हिशेबात सोडल्या, मावशी. तुला पाच वर्षांपूर्वी, ती असताना, एक वाक्य बोलता आलं असतं. आम्ही दोघी एका खोलीत होतो. तू चहा घेऊन आली होतीस.

तुला माफ केलंय का, हे विचारू नकोस. मला माहीत नाही. पण बाळ चार आठवडे लांब आहे आणि ते अंतर मला रोज दिसतंय. सोबतीला आणखी कुणी नाही. म्हणून ये.

काही गोष्टी आधीच सांगते. सिस्टरांच्या चादरी तपासायच्या नाहीत. "आमच्या वेळी" म्हणायचं नाही. मला जेवलीस का एकदाच विचारायचं. बाळाला दूध पाजताना माझ्याकडे बघत बसायचं नाही. आणि ती रडली की काय करायचं ते तुला माहीत आहे.

ठमी

&nbsp;

२५ जुलै

ठमे,

सोमवारी सकाळच्या बसने पोचते. अटी वाचल्या. शेवटची दोनदा वाचली. कुंड्या खालच्या बाईंना देऊन टाकल्या, आता त्या रोज पाणी घालतील.

मावशी

&nbsp;

९ सप्टेंबर

मावशी,

घरी येऊन पाच दिवस झाले. गोळी वर्षभर तरी घ्यायची आहे, मनाने बंद करायची नाही, दर पंधरवड्याला दाखवायला जायचं आहे. सोमवारचा कागद आता मीच भरते. दहावा प्रश्न आता सगळ्यात आधी सोडवते. खिडकी काल चार वेळा पाहिली. चाळिसाच्या मानाने ही प्रगती आहे, असं डॉक्टरबाई म्हणतात. मी कामावर डिसेंबरात जाणार.

इथे आल्यापासून एक गोष्ट मनात आहे. निघायच्या दिवशी आपण हॉस्पिटलच्या फाटकापाशी बसस्टॉपच्या बाकावर वीस मिनिटं बसलो होतो. नियम आत संपला होता. ती माझ्या मांडीवर जागी होती, तुझ्या छत्रीकडे बघत होती. मी वाट बघत होते की तू म्हणशील, दे जरा. तू म्हटलं नाहीस. तुझी बस आली, तू तिच्या डोक्यावरून हात न फिरवता चढलीस. का? रागावलीस का माझ्यावर?

ठमी

&nbsp;

१६ सप्टेंबर

ठमे,

रागावले नाही. रागवायचा हक्क माझा कधीच संपला, आता फक्त सवय उरली आहे, ती खालच्या बाईंवर काढते. त्यांनी माझ्या कुंड्यांना इतकं पाणी घातलं की दोन सडल्या.

पहिल्या दिवसाचं सांगते, कारण तू तेव्हा भिंतीकडे तोंड करून होतीस. गाठोडं रडलं. मी खाटेवरून कधी उठले मला कळलं नाही. दारातून ती चिमुरडी सिस्टर म्हणाली, "मावशी, हात." तिच्या वयाच्या दोनशे पोरींना मी ट्रेनिंग दिलं असेल. मी हात मागे घेतले. एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरून ठेवावं लागलं, इतके ते माझं ऐकत नव्हते. भिंतीवर घड्याळ होतं. मला वाटलं मूल रडून रडून निळं पडेल, मला वाटलं ही बाई उठणारच नाही, मला आठवली तीच सगळी वाक्यं, पलंग नंबर नऊपाशी म्हटलेली. एक मिनिट आणि वीस सेकंदांनी तू उठलीस. तिला घेतलंस ते चुकीचं घेतलंस, मानेखाली हात नीट नव्हता. आणि ती गप्प झाली.

मी खाली बसले. एक मिनिट वीस सेकंद. तुझ्या आईलाही तेवढेच लागले असते, किंवा दोन मिनिटं, किंवा पाच. मी तिला कधी दहा सेकंदही दिले नाहीत.

पाच आठवडे मी तुमच्या शेजारी राहिले. गाठोड्याचा वास मला माहीत आहे, तिची उचकी माहीत आहे, डाव्या कानामागचा डाग माहीत आहे. ती हातात किती जड लागते हे माहीत नाही. बाकावर मागितलं असतं तर तू दिली असतीस, हे मला दिसत होतं. म्हणूनच मागितलं नाही. तुझ्या आईने मागितलं तेव्हा मी दिली नव्हती.

आणि तरी माझं सोपं होतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की हे पाच-सहा आठवड्यांचं आहे आणि मग तुम्ही घरी जाणार. तिला कुणी आकडा सांगितला नव्हता. तिला दर रविवारी वाटायचं, आज देईल. म्हणून ती दर रविवारी ते पिवळं दुपटं घेऊन यायची, मांडीवर ठेवून बसायची, आणि संध्याकाळी त्याची घडी न मोडता परत न्यायची.

मावशी